काट्याची साक्ष

अण्णा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा रेशनकार्डे, विम्याच्या पावत्या आणि आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या तळाशी फीत बांधलेली एक फाइल मिळाली. आत कार्बन लावून टंकलेली अकरा पाने होती. १९७४ साली त्यांच्यावर जी खातेनिहाय चौकशी झाली, तिचे हे कागद. अण्णा एका सरकारी खात्यात जीपचालक होते. फलटण-लोणंद रस्त्यावर तिन्हीसांजेला त्यांची जीप उसाच्या बैलगाडीवर मागून आदळली होती. गाडीला कंदील नव्हता. गाडीवानाचा खांदा निखळला आणि एका बैलाचा पाय असा मोडला, की तो पुन्हा उभा राहिला नाही. अण्णांची एक वार्षिक वेतनवाढ दोन वर्षांसाठी रोखली गेली. घरात एवढेच माहीत होते. त्या बैलाबद्दल ते कधीतरी बोलत, चौकशीबद्दल कधीच नाही.

सातव्या पानावर प्रश्नोत्तरे आहेत. ती जशीच्या तशी देतो.

प्रश्न : अपघातसमयी वाहनाचा वेग किती होता?

उत्तर : तीसच्या आसपास.

प्रश्न : हे कशावरून सांगता?

उत्तर : मीटरवरून. काटा हलत होता. वीस ते चाळीस असा. मधला धरून सांगतो.

प्रश्न : काटा हलतो याची लेखी तक्रार केली होती काय?

उत्तर : नाही. तोंडी सांगितले होते.

आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष : अपचारी याने वेग ताशी तीस मैल, म्हणजे ४८ किलोमीटर असल्याचे स्वतःच मान्य केले आहे, सदर ठिकाणी वेगमर्यादा ४० किलोमीटर असल्याचा फलक आहे, सबब दोषारोप सिद्ध होतो.

मी चौतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांनी हलत्या काट्याचे वाचन ‘मधले धरून’ वहीत लिहिले, की मी त्यावर लाल शाईने गोल करीत असे. ते पान वाचताना त्या सगळ्या गोलांची आठवण झाली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी त्याच घडणीची एक जुनी जीप भंगाराच्या लिलावातून घेतली. घरच्यांना वाटले, म्हाताऱ्याला छंद लागला. छंद होताच, पण मला त्या तबकडीवरचा तो काटा माझ्या डोळ्यांनी हलताना पाहायचा होता.

माणूस किती वेगाने चालला आहे, हे त्याला स्वतःला यंत्राकडून कळण्याची गरज मुळात कोर्टकचेरीतून आली, प्रवासाच्या सोयीतून नव्हे. बैलगाडीवाल्याला वा टांगेवाल्याला वेगाचा आकडा कधी लागला नाही. अंतर कोसात आणि वेळ प्रहरात, एवढ्यावर त्याचे भागत असे. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल अशी मर्यादा घातली. दोन मैल म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाची निम्मी चाल. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर आर्नल्ड नावाचा गृहस्थ ताशी आठ मैलांनी मोटार हाकत गेला. हवालदाराने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले आणि त्याला एक शिलिंग दंड झाला. आठ हा आकडा कोणत्याही यंत्राने सांगितलेला नव्हता. सायकलवाल्या हवालदाराचा दम आणि दंडाधिकाऱ्याचा विश्वास, या दोन गोष्टींवर तो उभा होता.

पुढे १९०३ चा मोटार कार कायदा आला, मर्यादा वीस मैलांवर गेली, आणि त्या कायद्याच्या नवव्या कलमात एक वाक्य पडले, ते माझ्या मते वेगमापकाच्या इतिहासात कोणत्याही पेटंटाइतके महत्त्वाचे आहे. वीस मैलांची मर्यादा ओलांडली, या आरोपावर केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही दोषी ठरवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. वेग ही डोळ्यांनी पाहून सांगायची वस्तू नाही, हे कायद्याने प्रथमच कबूल केले. मग पोलीस हातात घड्याळे घेऊन मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना झुडपांआड बसू लागले. मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ काढली, तिचे पहिले कामच मुळी अशा सापळ्यांची आगाऊ सूचना देणे हे होते. आणि ज्यांना परवडत होते त्यांनी गाडीत वेगमापक बसवून घेतले. पोलिसाच्या घड्याळासमोर उभे करायला आपल्या बाजूचा एक साक्षीदार त्यांना हवा होता.

हे तत्त्व आपल्याकडेही आले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेचे कलम ७१ वे, आणि मर्यादा मोडल्याच्या शिक्षेचे ११५ वे. एका साक्षीदाराचे मत पुरणार नाही, ते मत एखाद्या यांत्रिक साधनाने केलेल्या अंदाजावर आधारलेले असेल तरच चालेल, अशी तरतूद या दुसऱ्या कलमात आहे. १९८८ च्या कायद्यातही ती टिकून राहिली. म्हणजे कोर्टात अण्णांना हे छत्र मिळाले असते. पण खातेनिहाय चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. तिथे साक्षीदार एकच, तो स्वतः आरोपी, आणि त्याचे यांत्रिक साधन वीस ते चाळीस असे डोलत होते.

यंत्राने साक्ष द्यावी ही कल्पना मात्र मोटारीहून जुनी आहे. गणकयंत्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या चार्ल्स बॅबेजने १८३९ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एका डब्यात लांबच लांब कागदाची गुंडाळी फिरती ठेवली, वर शाईच्या लेखण्या बसवल्या, आणि गाडीची ओढ, तिचे हादरे व वेग यांच्या रेषा त्या कागदावर उमटवून घेतल्या. पुढे आत्मवृत्तात त्याने असे सुचवले, की असे यंत्र प्रत्येक गाडीवर असावे, म्हणजे अपघात झाल्यास त्याच्या आधीच्या क्षणांचा लाच न खाणारा साक्षीदार हाती राहील. हे आत्मवृत्त १८६४ चे. विमानातल्या काळ्या पेटीची कल्पना त्यात जवळजवळ जशीच्या तशी आहे.

बॅबेजचे नाव या कथेत आणखी एकदा येते, आणि ते मला फार गमतीचे वाटते. १८२४ मध्ये पॅरिसला फ्रांस्वा आरागो याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तांब्याची तबकडी फिरवली आणि तिच्यावर, तिला न टेकता, चुंबकसूची टांगली, तर सूचीही तबकडीच्या मागोमाग ओढली जाते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही. मग ओढते कोण? पुढच्याच वर्षी लंडनमध्ये बॅबेज आणि जॉन हर्शेल यांनी हा प्रयोग उलटा करून पाहिला : चुंबक फिरवला आणि तबकडी टांगली. तबकडी फिरू लागली. कारण मात्र त्यांना नीट सांगता आले नाही. ते १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने सांगितले. फिरत्या चुंबकामुळे धातूत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात, नदीतल्या भोवऱ्यांसारखे ते आतल्या आत घुमतात, आणि त्यांचे स्वतःचे चुंबकत्व त्या हालचालीला अडवते. म्हणून स्थिर असलेली वस्तू फिरत्या वस्तूच्या मागे ओढली जाते. चुंबक जितका जलद फिरेल, तितकी ही ओढ जास्त.

जुन्या गाडीतला वेगमापक म्हणजे बॅबेज-हर्शेल यांचा हाच उलटा प्रयोग, पत्र्याच्या डबीत बंद केलेला. चाकांकडून आलेली वायर डबीतला चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी पालथी असते, दोघांमध्ये कागदाएवढी फट. वाटीच्या दांडीला काटा, आणि दांडीला केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग. चुंबक वाटीला पुढे ओढतो, स्प्रिंग मागे खेचते, आणि जिथे दोघांची बरोबरी होते तिथे काटा उभा राहतो. वाटी एक पूर्ण फेरासुद्धा घेत नाही. फिरणारी वस्तू आणि दाखवणारी वस्तू यांचा एकमेकांना कुठे स्पर्शच नाही. म्हणून तर ही रचना पाऊणशे-ऐंशी वर्षे टिकली.

तिचे पेटंट ऑटो शुल्झ या अभियंत्याने ७ ऑक्टोबर १९०२ रोजी बर्लिनच्या पेटंट कचेरीत नोंदवले. तो स्ट्रासबुर्गचा, जे शहर त्या वेळी जर्मनीत होते. त्याच सुमारास अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट गावी, आर्थर वॉर्नर याने लेथवरच्या कामाचा वेग मोजायला एक चुंबकी यंत्र केले होते. ते त्याने मोटारीला लावले, आणि त्यातून पुढे ‘स्टुअर्ट-वॉर्नर’ हे नाव जगभरच्या तबकड्यांवर आले. त्याआधी, १८८८ मध्ये, इस्त्रियातला शिक्षक योसिप बेलुशिच याने भाड्याच्या घोडागाड्यांसाठी विजेवर चालणारे मापक केले होते, पण ते मागे पडले. लंडनच्या स्मिथ या घड्याळजींच्या पेढीचा मार्ग वेगळा. त्यांचा ‘क्रोनोमेट्रिक’ प्रकार म्हणजे शब्दशः घड्याळ : ठरावीक क्षणात वायरचे फेरे किती झाले ते दातेरी चक्रांनी मोजायचे आणि काटा तेवढा सरकवायचा. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर तो असे. त्याचा काटा डोलत नाही, टिक टिक करीत उड्या मारतो. तो पाहणाऱ्याला घाबरवतो, पण खोटे बोलत नाही. घड्याळजीची कारागिरी महाग पडते, म्हणून अखेर बाजार जिंकला तो चुंबक आणि वाटी यांनीच.

आमच्याकडची तबकडी मैलांची होती. हा मुद्दा चौकशीत कोणाच्या लक्षात आला होता की नाही, याचा मी बराच विचार केला. भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली, आणि साठच्या दशकात शेर, वार, मैल व्यवहारातून उठले. रस्त्याकडेचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. ‘मैलकुली’ हा शब्द मात्र सार्वजनिक बांधकामवाल्यांच्या तोंडी पुढेही राहिला. जुन्या गाड्यांच्या तबकड्या कोण बदलणार? त्यामुळे १९७४ मध्ये रस्त्यावरचा फलक किलोमीटरमध्ये बोलत होता आणि चालकासमोरचा काटा मैलांमध्ये. अण्णांनी ‘तीस’ म्हटले, तेव्हा त्यांनी एकक सांगितले नव्हते. सातव्या पानावर ते नाही. शेवटच्या पानावर ते आले, आणि तीसचे अठ्ठेचाळीस झाले. चौकशी अधिकाऱ्याने बनाव केला असे मी म्हणणार नाही. तबकडी मैलांची होती हे खरेच होते, आणि गुणाकारही बरोबर आहे. माझी शंका गुणाकारावर नव्हती, गुणल्या गेलेल्या आकड्यावर होती.

लिलावातली जीप घरी आली, तेव्हा तिचा काटाही हलत होता. हे दैवाचे देणे वगैरे काही नव्हे. त्या वयाच्या दहा गाड्यांपैकी सहा-सात गाड्यांत तो हलतो. सातारा रस्त्यावर एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे, त्यांच्याकडे मी ती नेली. मी म्हटले, “मिस्त्री, मीटर खराब आहे.” ते हसले. म्हणाले, “सर, मीटर कशाला खराब असंल? मीटर बिचारं वायर सांगंल तसं नाचतं. आधी वायर बघू.” अर्ध्या शतकापूर्वीच्या एका चौकशीत हे वाक्य कोणी तरी बोलायला हवे होते, असे तेव्हा मला वाटून गेले.

त्यांनी आधी जे केले, ते मला प्रयोगशाळेतल्या उत्तम पद्धतीसारखे वाटले. डॅशबोर्डामागे हात घालून मीटरची चाकी हातानेच सैल केली, मीटर बाहेर काढला, आणि त्याच्या चौकोनी भोकात बसेल असा खिळ्याचा तुकडा कानशीने घासून तो हळू फिरणाऱ्या ड्रिल यंत्रात धरला. ड्रिल कोणत्या बाजूने फिरते तेही तपासून घेतले, कारण उलटे फिरवले तर काटा शून्याच्या खुंटीवर आदळून स्प्रिंग बिघडते. मैलाला वायरचे हजार फेरे असा त्या जातीच्या मीटरांचा हिशेब असतो. मग मिनिटाला पाचशे फेरे म्हणजे ताशी तीस मैल. ड्रिल सुरू केले. काटा चढला आणि तीसच्या अलीकडे एका जागी गप्प उभा राहिला. मीटर निर्दोष होता.

पण दुरुस्तीच्या आधी मला जे पाहायचे होते ते राहून गेले असते, म्हणून मी मीटर तसाच परत बसवून घेतला. मिस्त्रींना हे चमत्कारिक वाटले. त्यांनी वायर बदलायचे पैसे आगाऊ मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला शेजारी बसवून मी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेलो. तिच्या हातात मोबाइल, तबकडीचे चित्रण करायला. डॅशबोर्डावर दुसरा मोबाइल, उपग्रहावरून वेग दाखवणारा. पायाखाली एकसारखा दाब ठेवून चार किलोमीटर गेलो. दगड ते दगड सहा मिनिटे. म्हणजे ताशी ४० किलोमीटर, मैलांत सांगायचे तर पंचवीसला किंचित कमी. मोबाइलही तेच सांगत होता. समोरचा काटा वीस ते चाळीस असा हलत होता. मुलगी म्हणाली, “बाबा, तीस दाखवतोय.”

घरी येऊन मी ते चित्रण सेकंदा-सेकंदाला थांबवून पाहिले आणि साठ वाचने वहीत लिहिली. मग जे दिसले ते इतके साधे होते, की मला लाज वाटली. मी हे शिकवत आलो होतो. काटा वीस आणि चाळीस यांच्यामध्ये सारखा वेळ घालवत नव्हता. तो वीस-बावीसच्या आसपास रेंगाळायचा, मग एकदम झटका खाऊन चाळीसला जायचा आणि लगेच खाली यायचा. कोरड्या पडलेल्या वायरचे वागणेच असे असते. ती आवरणात कुठेतरी अडते. खालचे टोक फिरतच असते, त्यामुळे ती स्वतःभोवती पीळ खात राहते आणि वरचे टोक मंदावते. पीळ पुरेसा साठला, की अडचण सुटते आणि साठलेले फेरे एका दमात वर येतात. विहिरीचा रहाट गंजल्यावर पोहरा जसा हिसके देत वर येतो, तसे. एकूण फेरे तेवढेच असतात. एकही फेरा जास्त होत नाही, एकही हरवत नाही. म्हणून काट्याची काळावर धरलेली सरासरी खऱ्या वेगाच्या जवळ येते. माझ्या साठ वाचनांची ती पंचवीस-सव्वीस आली.

पण माणसाचा डोळा सरासरी काढत नाही. तो दोन टोके पाहतो आणि मधला बिंदू धरतो. वीस आणि चाळीसच्या मधला बिंदू तीस. माझ्या मुलीने काढला तोच, अण्णांनी काढला तोच. प्रामाणिक माणूस हलत्या काट्याचे वाचन असेच सांगेल, आणि काटा असा हिसके देत असेल तर ते बहुतेक वेळा जास्तच सांगेल.

यावरून अण्णा निर्दोष होते असे ठरते काय? नाही. ती जीप वेगळी, तिची वायर वेगळी. ती कशी अडत होती हे कोणी पाहिलेले नाही. तिचे टायर झिजलेले असतील, तर चाकाचा घेर कमी होऊन मीटर आणखी थोडा जास्त दाखवत असेल. चुंबक अशक्त झाला असेल, तर कमीही दाखवत असेल. शिवाय वेग चाळीस असला, तरी कंदील नसलेली गाडी दिसायला उशीर झाला तो झालाच, आणि बैल मेला तो मेलाच. अण्णांनी स्वतः त्या बैलाचा दोष दुसऱ्या कोणावर टाकल्याचे मला आठवत नाही. मी एवढेच म्हणू शकतो, की शेवटच्या पानावरचा ४८ हा आकडा मोजलेला नाही. तो एका डोलत्या काट्याचा मधला बिंदू आहे, मैलांचे किलोमीटर केलेला. त्याच्यावर ‘सिद्ध होतो’ हे क्रियापद उभे राहत नाही.

जाता जाता एक योगायोग. वेगमापक किती चुकला तर चालेल, याचा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे, संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतला ३९ वा. त्यानुसार मापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवले तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक चार किलोमीटर एवढ्यापर्यंत चालेल. खरा वेग चाळीस असेल तर दहावा हिस्सा चार, वर चार, असे आठ. म्हणजे ताशी चाळीसने चाललेल्या नव्या गाडीच्या मीटरने अठ्ठेचाळीस दाखवले, तरी तो मीटर उत्तीर्ण आहे. हे गणित करून झाल्यावर मी वही मिटली आणि चहा टाकला.

आता दुरुस्ती. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ जण वायरचा दोष मीटरच्या माथी मारून चांगला मीटर उघडतात, आणि केसासारखी ती स्प्रिंग एकदा हाताने वाकली की मग काटा कधीच खरे बोलत नाही.

मिस्त्रींनी आतली वायर ओढून काढली. ही वायर म्हणजे एकावर एक उलट्या दिशांनी गुंडाळलेल्या तारांचा गोफ असतो, टोके चौकोनी. ती त्यांनी घासलेटात धुतली, फडक्याने पुसली, आणि दोन्ही टोके दोन हातांत धरून मध्ये झोळीसारखी लोंबती सोडली. मग एक टोक चिमटीत हळूहळू फिरवले. वायर निरोगी असेल, तर दुसरे टोक तितकेच हळूहळू फिरते. आमची वायर एका ठिकाणी थबकून टुणकन उलटत होती. तिथे तिला वाक बसला होता. एकदा बसलेला वाक सरळ करता येत नाही. वायर बदलावी लागते. पण नुसती बदलून भागत नाही, वाक का बसला ते शोधावे लागते. ट्रान्स्फर केसच्या मागून निघून ती जिथे वर वळते, तिथे कोणीतरी कधीकाळी आवरण एका पत्र्याच्या पट्टीखाली दाबून टाकले होते. आवरण तिथे चपटे झाले होते. मिस्त्रींनी आवरणही बदलले आणि वळण मोठे, आडव्या तव्याएवढे करून सैल पट्टीत बसवले. “वायरला कोपरा आवडत नाही,” ते म्हणाले.

ग्रीस लावताना त्यांनी हात आखडता घेतला. खालच्या दोन-तृतीयांश भागाला बोटाने पातळ थर, आणि मीटरकडचा वीतभर भाग कोरडा. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की फिरती वायर ग्रीसला वर चढवते. आटाच तो. ग्रीस एकदा मीटरात शिरले, की चुंबक आणि वाटी यांच्यातली ती कागदाएवढी फट भरून जाते, चुंबक वाटीला ग्रीसनेच ओढू लागतो, आणि गाडी वीसने चालली तरी काटा साठला जाऊन बसतो. आरागोला पडलेले कोडे ज्या स्पर्श नसण्यावर उभे होते, ते एका चमचा ग्रीसने संपते. मीटरच्या दांडीच्या बुशला मात्र घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. शहरातल्या घड्याळजीकडून मी ती इवलीशी बाटली आणली होती.

पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच दगडांमध्ये, मुलगी शेजारी. सहा मिनिटे. काटा पंचवीसच्या किंचित वर चढला आणि तिथेच थांबला. खड्ड्यावर केसभर हलला, परत आला. मुलीने चित्रण केले, पण त्यात पाहण्यासारखे काही नाही.

जुनी वायर मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यात टाकली होती, ती मी मागून घेतली. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली होती : पाचशे किलोमीटर झाले की मीटरची चाकी सोडून वरचे टोक एकदा बघा, ग्रीस वर आले असेल तर पुसून काढा. परवा पाचशे झाले. सोडून पाहिले. टोक कोरडे होते.